पंधरा नंबरचं टिंब

ओस्विनच्या मुलीचा, आमच्या सॅब्रिनाचा, बाप्तिस्मा झाला ते वर्ष दोन हजार चोवीस. ऑक्टोबरचा तिसरा शुक्रवार. चर्चमधून आम्ही ईसा टाउनला परतलो, इमारतीखालच्या हॉलमध्ये जेवण होतं. बुसैतीनहून मुख्तार आला होता. त्याला आता चाकाच्या खुर्चीशिवाय कुठे जाता येत नाही. नाकात नळी, मांडीवर ऑक्सिजनचं लहान सिलिंडर. मागे खुर्ची ढकलायला त्याचा नातू ओवैस, मुलगी शमाचा मुलगा, नुकताच बँकेत लागलेला. मुख्तार रत्नागिरीकडचा, मी वसईचा, आणि आमची ओळख आखातातल्या या बेटावरची, चाळीस वर्षांची. जेवणं चालू असताना माझ्या मुलाने, ओस्विनने, भिंतीवर प्रोजेक्टर लावला. आधी बाळाचे फोटो झाले. मग तो म्हणाला, "नाऊ, अ सरप्राइज फॉर पपा." भिंतीवर एक तक्ता आला. वर दोन संघांची नावं, खाली खेळाडूंची, प्रत्येकापुढे आकडे, आणि सगळ्यांत खाली माझं नाव. अमेरिकेत म्हणे काही लोक जुन्या धंदेवाईक बास्केटबॉल संघांच्या सामन्यांचे आकडे गोळा करत बसतात. चौऱ्याऐंशी साली तिथला एक संघ फिरत फिरत इथे येऊन खेळला होता, त्या सामन्याचा इथल्या बाजूचा कागद त्यांच्याकडे नव्हता. ओस्विनने मला विचारून नंबरांपुढे नावं लिहिली, माझ्या वहीचा फोटो काढून पाठवला, आणि त्यांनी तो मांडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वड्यांची बशी हातात धरून उभा होतो आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं. तेवढ्यात ओवैस भिंतीजवळ गेला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "नाना, फिफ्टीन तुम्ही ना? झिरो दिखाता है." तो हसला. वाईट मनाने नाही, आपला असाच. "तुम्ही तर बोलायचे एक बास्केट मारलेली." मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "वेल्डर माणूस. स्टोरी पण वेल्ड केली असेल." सगळे हसले. मुख्तारने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू लिवलंस हे?" मी म्हणालो, "वही माझी आहे."

तीन शब्द. त्या जागी मला कितीतरी बोलता आलं असतं. थांब, बघतो, असं म्हणता आलं असतं. काहीतरी चुकलंय म्हणता आलं असतं. पण त्या क्षणी मलाच शंका आली. भिंतीवर छापलेलं, सरळ रेषांत, इंग्रजीत. मी वाचायला चाळिशीत शिकलो. दुधाच्या पावडरच्या डब्यावरून आणि चर्चच्या गीतांच्या पुस्तकावरून माझ्या बायकोने, सेलिनने, मला अक्षर न् अक्षर शिकवलं. असा उशिरा शिकलेला माणूस छापलेल्या गोष्टीपुढे नेहमी थोडा वाकतो. जे छापलंय ते आपल्यापेक्षा जास्त शहाणं, असं वाटतं. चाळीस वर्षं मला ती बास्केट दिसत होती, आणि एका शून्याने मी गप्प झालो. मुख्तारने भिंतीकडून मान फिरवली. ओवैसला म्हणाला, "यल्ला, चल, माझी हवा संपत आली." सिलिंडरमध्ये अजून दोन तासांची हवा होती, काटा मला दिसत होता.

संध्याकाळच्या उन्हात मी खिडकीशी बसून वही उघडली. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही. तेव्हा मी इथल्याच एका क्लबच्या हॉलवर कामाला होतो. फरशी पुसायची, चेंडूत हवा भरायची आणि सामना असला की गुणांच्या फळ्यामागे स्टुलावर चढून आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या लावायच्या. अक्षर एक येत नव्हतं, पण आकडे येत होते. आकड्यांवाचून परदेशात बससुद्धा पकडता येत नाही. टेबलावर एक इजिप्शियन मास्तर कागद भरायचा. त्याने मला बजावलं होतं, अंदाजाने पाटी लावायची नाही, स्वतःचं मोजत जा. म्हणून मी वही केली. डावीकडे बनियनांचे नंबर, जसे पाठीवर दिसतील तसे काढलेले. पुढे बास्केटीची एक रेघ. फाउलवर मिळालेल्या एकेका गुणाला बारीक फुली. मास्तरचा कागद पुढे हॉलमध्ये पाणी शिरलं त्यात गेला. माझी वही राहिली. त्या सामन्याच्या पानावर सात ओळी भरलेल्या आहेत. चार, सहा, सात, नऊ, अकरा, तेरा, पंधरा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टिंब, मग रेघा. आणि पंधराच्या ओळीत फक्त टिंब. पुढे काही नाही. ते पाहिल्याबरोबर मी वही मांडीवर उपडी ठेवली. सगळं कळलं आणि कळल्याबरोबर राग आला. कोणाचा, ते मात्र लगेच कळलं नाही.

आमच्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. बाबा पायली भरून ओतायचे, तोंडाने म्हणायचे, आणि मी भिंतीवर कोळशाने खुणा करायचो. पहिल्या वर्षी मी लाभालाही रेघ मारली होती. बाबांनी मोजणी थांबवली, ओल्या हाताने रेघ पुसली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "लाभाला रेघ मारशील तर तो तिथंच सरेल. टिंब दे." तेव्हापासून पहिल्याला टिंब. पुढे मी वाडीतल्या केळ्यांचे घड मोजले, बंदरावर पोती मोजली, इथे येऊन खुर्च्या मोजल्या, चेंडू मोजले. पहिलं टिंब, मग रेघा. ते मी ठरवून करत नव्हतो. ओस्विनने त्याच वर्षी उपवासकाळात वही हातात घेऊन विचारलं होतं, "पपा, या लाइन्स म्हणजे?" मी फुशारकीने म्हणालो, "एक रेघ म्हणजे एक बास्केट." "आणि हे छोटे क्रॉस?" "फाउलचा एक गुण." टिंबाचं त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. घरी आलेल्याला आपण दारातून आत ये असं सांगतो का? त्याने रेघा मोजल्या, फुल्या मोजल्या, आणि पाठवून दिलं. म्हणजे प्रत्येकाची पहिली बास्केट गेली. ज्याच्या आठ होत्या त्याच्या सात राहिल्या, कोणाला काय फरक पडतो. ज्याची एकच होती त्याचं सगळं गेलं.

आणि ती होती. ती मी पाहिली आहे. ओस्विन तेव्हा वसईत सेलिनच्या पोटात होता. सामन्याच्या सकाळी पाहुणे सराव करताना बास्केटच्या लोखंडी कडीला लोंबकळले आणि कडीचा एक पाय निखळला. सित्राच्या तेलाच्या भागात पाइपांना वेल्डिंग करणारा मुख्तार गॅसच्या नळ्या घेऊन आला. सहा फूट दोन इंच उंच, शिडीची गरज अर्धी. काम झाल्यावर मी म्हणालो, थांब, फुकट सामना बघ. कॅम्पातल्या फिलिपिनो सोबत्यांनी त्याला खेळ शिकवला होता, कामावरून सुटल्यावर तो रोज खेळायचा, हे आमच्या कोचला ठाऊक होतं. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आमच्याकडे फाउलांनी आणि मुरगळलेल्या घोट्यांनी चारच माणसं उभी राहिली. कोचने गर्दीत बघून हाक मारली, "वेल्डर!" शिल्लक राहिलेलं पंधरा नंबरचं बनियन त्याच्या अंगात कसंबसं गेलं. पायात कामाचे बूट चालेनात, म्हणून घोटा मुरगळलेल्या कोणाचेतरी बूट. तो डाव्या कोपऱ्यात उभा होता, चेंडू त्याच्याकडे चुकून आला, आणि समोरचा काळा धिप्पाड माणूस हात वर करून येतोय हे बघून त्याने घाईने तो वर भिरकावला. चेंडू बास्केटमागच्या फळ्यावर आपटला, कडीवर दोनदा फिरला. त्यानेच सकाळी जोडलेल्या कडीवर. आत पडला. मी स्टुलावर होतो. आधी टिंब दिलं, मग पाटी बदलली. आम्ही एकाहत्तर, ते अठ्ठ्याऐंशी. कोणी ओरडलं नाही, कारण सामना कधीच गेला होता. मुख्तार मात्र उलट्या पावलांनी धावत परत जाताना वर माझ्याकडे बघत होता, पाटी लागली का ते बघत.

आकड्यांना खोटं बोलता येत नाही असं म्हणतात. भिंतीवरच्या तक्त्यात सात जणांच्या गुणांची बेरीज सत्तावन्न होती आणि खाली संघाचे एकाहत्तर. चौदाचा फरक. सात टिंबं, दर टिंबाला दोन गुण. चौदा. हे मी कागदावर मांडलं, ओस्विनपुढे ठेवलं. तो ऑफिसातून आला होता, बुटांसकट सोफ्यावर पडलेला. "पपा, फोटोत तो फक्त डॉट आहे."

"टिंबच आहे ते."

"येस. सो?"

"सो काय? तीच बास्केट."

"मग लाइन का नाही मारली?"

हे त्याने मराठीत विचारलं, म्हणून मला वाटलं त्याला खरंच समजून घ्यायचंय. मी खळं सांगितलं, पायली सांगितली, बाबांचा धपाटा सांगितला. त्याने दोनदा फोन पाहिला. "ओके. आय विल राइट टु देम." त्याने लिहिलेलं मी वाचायला मागितलं, चार ओळी होत्या. माझं सगळं खळं चार ओळींत. लाभ हा शब्द मला त्यात कुठे दिसला नाही. मी म्हणालो, बेरजेचं लिहिलंस का? तो म्हणाला, "पपा, ते लोक व्हॉलंटियर्स आहेत, त्यांना एवढं लांब नको असतं." उत्तर नऊ दिवसांनी आलं. ओस्विनने वाचून दाखवलं. आभारी आहोत, पण आठवणीवरून आम्ही आकडे बदलत नाही. टिंबाच्या जागी लिहिणाऱ्याचं पेन टेकलं असू शकेल. पेन टेकलं. सात ओळींत सातदा, बरोबर पहिल्याच जागी! मी टेबलावर हात आपटला, तर बाळ दचकून रडायला लागलं. सेलिन तिला उचलून घेत म्हणाली, "चाळीस वर्षं झाली. दोन पॉइंटांवाचून कोणाचं काय अडलंय?"

"मुख्तारचं."

ती बाळाला थोपटत म्हणाली, "मग जाऊन त्याला सांग ना. अमेरिकेला काय सांगत बसलायस?"

मी गेलो नाही. हेच मला अजून खातं. बाप्तिस्म्यानंतर पाच आठवडे मी बुसैतीनला गेलो नाही, कारण मला हात हलवत जायचं नव्हतं. दुरुस्त झालेला कागद त्याच्यापुढे ठेवायचा होता, तसाच छापील, तसाच सरळ रेषांतला. बस थेट जाते. दोन बस बदलायलासुद्धा लागत नाहीत. मी थांब्यापर्यंत जायचो, सावलीत उभा राहायचो, बस यायची, दार उघडायचं, ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा, आणि मी हाताने जा म्हणायचो. मग भाजी घेऊन घरी. एकदा तर ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, रोज सलाम करने आता है क्या?" शेवटी सेलिननेच पिशवीत वही टाकली आणि मला दाराबाहेर काढलं.

शमाने दार उघडलं. "आलात काका? बरं झालं. ते तुमचं नावच काढत नाहीत." आतल्या खोलीत मुख्तार उशांना टेकून बसला होता, मोठं मशीन कोपऱ्यात घुरघुरत होतं. "या, रेकॉर्डवालं," तो म्हणाला, "आणखी काय लिवलंव माझ्याविषयी?" मी पान उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावला, बोटाने पंधरा नंबर शोधला. बराच वेळ पाहिलं. "सगळ्यांना रेघा, नि मला काय, माशी हगलीय?" मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. मी सांगितलं, आमच्याकडे पहिल्या मापाला लाभ म्हणतात, त्याला रेघ मारत नाहीत. तो मध्येच थांबवून म्हणाला, "लाभ? आमच्यात बरकत बोलतात. माझी आय तांदूळ मोजायची, बरकत, दोन, तीन. एक कधी बोललीच नाय." त्याने बोटं हलवून मापं ओतल्यासारखं केलं. "मग ही माझी बरकत मांडलीस होय तू." तो हसायला लागला, हसता हसता खोकला, शमा धावत आली, नळी नीट केली. मला वाटलं, झालं. सुटलो. इतकं सोपं होतं आणि मी पाच आठवडे थांब्यावर उभा राहिलो.

पण त्याने ओवैसला हाक मारली. ओवैस आला, फोन हातात. मी पुन्हा सगळं सांगितलं, हिंदीत, बेरजेसकट. त्याने नीट ऐकलं. मुलगा चांगला आहे. म्हणाला, "नाना, मी मानतो. पण साइटवर झिरोच आहे ना." मुख्तारचा चेहरा पुन्हा तसाच झाला, हॉलमध्ये झाला होता तसा. ओवैस बाहेर गेल्यावर तो मला म्हणाला, "आल्बर्ट, तुला कळलं नि मला कळलं, तर काय झालं? ते आपल्याला पयल्यापासून ठावूक होतं. ह्या मुलकात मी पन्नास वर्षं काढली. माझ्या हातचा एक पाइप दिसत नाय, सगळं जमिनीखाली गेलं. वर काय हाय माझं? एवढी एकच जागा, जितं माझं नाव लिवलंय, नि त्याच्याफुडं शून्य. त्यापेक्षा नाव नसतं तर बरं होतं. मी जिता हाय तवर ते बदल." मी म्हणालो, बदलतो. तो म्हणाला, "इंशाल्ला नको बोलूस. बदल."

साक्षीदार कोण? कोच गेला, मास्तर कैरोला परतला तो परतलाच. राहिला इमाद. आमचा तेव्हाचा कप्तान, चार नंबर. मुहर्रकच्या बाजारात एका चहाच्या दुकानात तो रोज सकाळी बसतो असं कळलं. पोट सुटलेलं, पण खांदे अजून कप्तानाचे. मला पाहून उठला, "आल्बर्ट! स्कोर-बोर्ड!" मिठी मारली. मी ओस्विनने छापून दिलेला तक्ता दाखवला. त्याची नजर आधी स्वतःच्या ओळीवर गेली. "मेरा सोलह? कैसा सोलह? अठारह!" त्याच्या घरी वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत लावलेलं होतं, इमाद अठरा असं त्यात छापलेलं. तो तिथेच फोन काढून त्या अमेरिकेतल्या लोकांना लिहायला बसला. मी म्हणालो, तुमच्या त्या दोन गुणांच्या जागी माझ्या वहीत टिंब आहे, तसंच पंधरा नंबरचं आहे, तेही लिहा. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "वो वेल्डर? वो खेला था?" मी सगळं वर्णन केलं, डावा कोपरा, फळा, दोन फेऱ्या. तो खेद वाटल्यासारखा मान हलवत राहिला. "वल्ला, मफी याद, कुछ याद नहीं, आल्बर्ट. कडी उसने बनाया, वो याद है." खोटी साक्ष देणार नाही म्हणाला. मला त्याचा राग आला आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. चहाचे पैसेही त्याने मला देऊ दिले नाहीत.

नाताळ गेला. जानेवारीच्या आठ तारखेला ओस्विन खोलीतून ओरडत आला, "पपा, दे करेक्टेड इट!" मी चष्मा शोधत होतो तोवर त्याने फोन माझ्या नाकापुढे धरला. इमाद अठरा. सहा नंबरचे बारा होते, चौदा झाले. तेरा नंबरचे दोन होते, चार झाले. मी बोट खाली खाली नेलं. पंधरा. शून्य. "हे काय?" ओस्विनने तळटीप वाचली. आमच्या संघाच्या एकाहत्तरपैकी एकोणसत्तर गुणांचा मेळ लागला. उरलेले दोन गुण कोणाचे ते ठरवता आलेलं नाही.

"सहा टिंबं त्यांनी मानली?"

"हो. इमाद अंकलचं पेपर कटिंग आहे ना. आणि तिथे पुढे लाइन्स आहेत, पॅटर्न दिसतो."

"आणि सातवं?"

"एकट्या डॉटला पॅटर्न नसतो, पपा."

त्याने ते समजावल्यासारखं, मायेने सांगितलं. मी त्याला म्हणालो, दोन गुण उरलेत, एक टिंब उरलंय, एक माणूस उरलाय, यात ठरवण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, "आय नो." मग म्हणाला, "निदान नाइंटी परसेंट झालं ना." माझा मुलगा ऑडिटच्या कामात आहे. नव्वद टक्के म्हणजे त्याच्या लेखी चांगलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि वाहत्या पाण्याकडे बघत उभा राहिलो. मला कोणालातरी शिवी द्यायची होती. त्या अमेरिकेतल्या माणसाचं तोंडसुद्धा मला माहीत नव्हतं. त्याने काय वाईट केलं? तो कागदावर दिसेल तेवढंच मानतो. मीही भिंतीवरच्या शून्याला तसाच वाकलो होतो, आणि मी तर तिथे हजर होतो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पत्र लिहायला बसलो. मराठीत, माझ्या हाताने, कारण चार ओळींवर माझा भरवसा राहिला नव्हता. चार दिवसांत सात पानं झाली. खळं लिहिलं, कडी लिहिली, बूट कोणाचे ते लिहिलं. ओस्विन म्हणाला शुक्रवारी इंग्रजी करून देतो, मग म्हणाला ऑफिसात ऑडिट चाललंय, पुढच्या शुक्रवारी नक्की. रविवारी शमाचा फोन आला. "काका, अब्बा विचारतात, झालं का?" मला खरं सांगता आलं असतं. सहा जणांचं झालं, तुझ्या बापाचं झालं नाही, असं सांगून निदान त्याच्याबरोबर चिडता आलं असतं. मी म्हणालो, "होतंय. या आठवड्यात होईल." पलीकडे तिने ते मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि त्याचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. बुसैतीनला मी गेलो नाही. पत्र गेल्यावर जाऊ असं ठरवलं होतं. पत्र अजून गेलेलं नाही.

मुख्तार इब्राहिम परकार, राहणार बुसैतीन, मूळ जिल्हा रत्नागिरी, मंगळवार दिनांक चौदा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी दुपारी पावणेतीन वाजता आपल्या मुलीच्या घरी वारला. तो पंचाहत्तर वर्षांचा होता.